अल्पाका पाळायला घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ओहायोत, कोलंबसपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. सात एकर जागा, आम्ही दोघं, दोन मुलं आणि अकरा अल्पाका. अमेरिकेतल्या मराठी ओळखीच्यांकडून आणि त्यांच्याही ओळखीच्यांकडून गेली काही वर्षं तेच तेच प्रश्न येत आहेत. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. अनुभव ओहायोचा आहे. टेक्सासचा उन्हाळा किंवा कोलोरॅडोची उंची वेगळी असते, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

1. अल्पाका आणि लामा एकच का?

नाही. दोघंही उंटाच्या कुळातले आणि दोघंही दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले, पण जनावरं वेगळी. लामा ओझी वाहायला वाढवला गेला. त्याचं वजन दीडशे किलोपर्यंत जातं आणि कान केळ्यासारखे बाकदार असतात. अल्पाका लोकरीसाठी. विकुन्या नावाच्या रानटी प्राण्यापासून तो सहा-सात हजार वर्षांपूर्वी माणसाळवला गेला. वजन साधारण 55 ते 85 किलो, कान भाल्याच्या पात्यासारखे सरळ. जगातले बहुतेक अल्पाका आजही पेरूत, पुनो, कुस्को, अरेकिपा या भागांत केचुआ आणि आयमारा या तिथल्या मूळ रहिवासी समाजांतल्या कुटुंबांकडे आहेत.

अल्पाकाचे दोन प्रकार आहेत. हुआकाया फुगीर, कापसाच्या बोंडासारखा दिसतो. सुरीची लोकर लांब बटांनी खाली लोंबते. पहिल्यांदा घेताना हुआकाया घ्या. ते जास्त सहज मिळतात आणि त्यांची लोकर कातून देणारेही जास्त आहेत.

2. मुलीला एकच हवा आहे. एकच घेतला तर चालेल का?

चालणार नाही, आणि या बाबतीत आम्ही कुणालाच सूट देत नाही. अल्पाका कळपाचं जनावर आहे. एकटा ठेवलेला अल्पाका खाणं कमी करतो, कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या घालतो आणि खंगत जातो. शेळी किंवा कुत्रा सोबतीला ठेवून ती उणीव भरत नाही. किमान तीन घ्या. दोनच घेतले आणि त्यातला एक गेला तर काय होतं, ते प्रश्न 16 मध्ये आहे.

3. मग तीन कोणते? नर की मादी?

तीन खच्ची केलेले नर घ्या. हे सांगितलं की बरेच जण हिरमुसतात, कारण मनात पिल्लांचं चित्र असतं. पण पहिली दोन वर्षं तुम्हाला जनावर वाचायला शिकायचं आहे, आणि ते शिक्षण खच्ची नरांवर सगळ्यात सुरक्षित होतं. ते आपसात फारसे भांडत नाहीत, गाभण राहत नाहीत, लोकर मात्र इतरांइतकीच देतात. किंमतही गाभण मादीच्या मानाने बरीच कमी असते.

नर आणि मादी एकत्र मुळीच ठेवू नका. नर वर्षभर माद्यांच्या मागे लागतो, गाभण मादीलाही सोडत नाही.

घेण्याआधी आयुष्याचा हिशेब करा. अल्पाका पंधरा ते वीस वर्षं जगतो. आज आठवीत असलेली मुलगी शिकून नोकरीला लागेल, घर सोडून जाईल, तेव्हाही हा गोठ्यात असेल. त्या वेळी त्याची नखं कोण कापणार, हे आधी ठरवा.

4. जागा किती लागते? कुंपण कसं हवं?

चांगल्या कुरणाच्या एका एकरात पाच ते आठ अल्पाका राहतात असं सांगतात. आम्ही चारच्या वर जात नाही, कारण जास्त जनावरं म्हणजे गवत बुडापर्यंत खाल्लं जाणं, आणि जंतांची पिल्लं गवताच्या बुडाशीच असतात (प्रश्न 8 पाहा). कुरणाचे दोन-तीन भाग करून जनावरं आलटून पालटून सोडा.

कुंपण पाच फूट उंच, बारीक चौकोनांच्या जाळीचं. काटेरी तार लावू नका, लोकर आणि मान दोन्ही अडकतात. कुंपण अल्पाकांना आत ठेवण्यापेक्षा कुत्री आणि कॉयोटी बाहेर ठेवण्यासाठी जास्त लागतं. सगळ्यात मोठा धोका शेजारच्यांच्या मोकाट सुटलेल्या पाळीव कुत्र्यांचा असतो.

जागा घेण्याआधी टाउनशिपच्या कचेरीत झोनिंगचे नियम विचारा. वसाहतीची सोसायटी असेल तर तिचे नियम वेगळे असतात आणि अनेकदा जास्त कडक असतात.

5. खायला काय? उरलेली पोळी, भात घालता येतो का?

मुख्य आहार गवत, ओलं किंवा वाळलेलं. ऑर्चर्ड ग्रास किंवा टिमोथी उत्तम. दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के सुकं गवत लागतं, म्हणजे 65 किलोच्या जनावराला साधारण किलो-सव्वा किलो. वर मूठभर अल्पाकांसाठीचं खनिज मिश्रण आणि स्वच्छ पाणी. लसूणघास, म्हणजे इथला अल्फाल्फा, रोज घालू नका. प्रथिनं फार होतात. तो दूध पाजणाऱ्या मादीला किंवा अशक्त जनावराला थोडा द्या.

पोळी, भात, ब्रेड, काहीही नाही. गोग्रासाची सवय आपल्या हाताला असते, त्यामुळे हा प्रश्न मराठी घरांतून हमखास येतो. अल्पाका रवंथ करतो. त्याच्या पोटाचे तीन कप्पे असतात आणि पहिल्या कप्प्यात गवत आंबतं. तिथे एकदम पिष्ट पडलं की आम्ल वाढतं आणि जनावर दिवसभरात आडवं होऊ शकतं. आमच्याकडे गणपतीला पन्नास माणसं येतात. त्या दिवशी कुरणाच्या फाटकाला कुलूप असतं.

आणखी दोन गोष्टी. गाईंचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य घालू नका. त्यात मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असू शकतं आणि ते अल्पाकाला विषासारखं लागतं. शेळ्यांच्या खनिजात तांबं जास्त असतं, तेही नको. झाडांपैकी यू, ऱ्होडोडेंड्रॉन, कण्हेर आणि चेरीची सुकत आलेली पानं कुरणाजवळ नकोत. शेजारी कुंपण छाटून ते तुमच्या बाजूला टाकतात, तेव्हा जास्त सांभाळा.

6. इथल्या थंडीत कुडकुडत नाहीत का?

नाही. तीन बाजूंनी बंद आणि वाऱ्याच्या उलट्या दिशेला उघडा गोठा, खाली कोरडा पेंढा, गोठणार नाही असं पाणी, एवढं पुरतं. बर्फ त्यांच्या पाठीवर वितळत नाही, इतकी लोकर उष्णता धरून ठेवते. पावसाने भिजून वर वारा लागला तर मात्र त्रास होतो. नवजात पिल्लं आणि म्हातारी जनावरं यांना जाकीट घाला.

7. आणि उन्हाळ्यात?

खरी काळजी उन्हाळ्याची. ओहायोत मे महिन्यात लोकर कातरून घ्यावीच लागते. एखादं वर्ष टाळलं तर जुलैत जनावर दगावू शकतं. एक सोपा हिशेब आम्ही फळ्यावर लिहून ठेवला आहे: फॅरनहाइट तापमान अधिक आर्द्रतेची टक्केवारी. बेरीज 150 च्या वर गेली की सावध, 180 च्या जवळ आली की धोका. म्हणजे 88 अंश आणि 70 टक्के आर्द्रता, जुलैतला साधा दिवस, तोही सावधानतेत येतो.

मोठे पंखे जमिनीलगत लावा. पाणी पोटाखाली आणि पायांवर मारा, पाठीवर नाही. पाठीची लोकर भिजली की उष्णता आत कोंडते. पोटाला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला लोकर विरळ असते, जनावर तिथूनच थंड होतं. तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल, नर असेल आणि अंडकोश सुजले असतील, तर पाणी मारत मारतच डॉक्टरांना फोन करा.

8. दर महिन्याला इंजेक्शन कशासाठी? शेळ्यांना तर कुणी देत नाही.

तुमच्याकडे पांढऱ्या शेपटीची हरणं असतील, आणि अमेरिकेच्या पूर्व अर्ध्या भागात ती असतातच, तर हे उत्तर दोनदा वाचा.

या हरणांच्या मेंदूच्या आवरणात एक जंत राहतो. हरणाला त्याचं काही होत नाही. त्याची पिल्लं हरणाच्या लेंड्यांतून बाहेर पडतात, गोगलगायींच्या अंगात वाढतात, आणि ओल्या गवताबरोबर बारीकशी गोगलगाय अल्पाकाच्या पोटात गेली की ती पिल्लं मज्जारज्जूत शिरतात. तिथे ती वाट चुकलेली असतात आणि भटकत भटकत नसा खराब करतात. महिन्याला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं की पिल्लं मज्जारज्जूपर्यंत पोचण्याआधी मरतात. एकदा आत शिरली की या इंजेक्शनचा उपयोग नाही, वेगळे आणि जड उपचार लागतात.

आमचा काजू नावाचा तपकिरी नर दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात मागचा उजवा पाय किंचित ओढायला लागला. सप्टेंबरचं इंजेक्शन आमच्याकडून बारा दिवस लांबलं होतं. आम्हाला वाटलं, खड्ड्यात पाय मुरगळला असेल. तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी त्याला उभं राहताना मागचे दोन्ही पाय एकमेकांत अडकले. काजू वाचला, पण आजही वळताना त्या पायाची नखं जमिनीला घासतात आणि एका बाजूने झिजतात. ती झीज बघितली की ते तीन दिवस आठवतात. पाय ओढणं, मान तिरकी होणं, उतारावर तोल जाणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

याची दुसरी बाजूही आहे. दर महिन्याला एकच औषध दिल्याने पोटातले जंत त्या औषधाला सरावतात. त्यातला रक्त पिणारा जंत सगळ्यात वाईट. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी खालची पापणी ओढून आतला रंग बघा: लालसर गुलाबी ठीक, फिकट झाली तर रक्त कमी. आणि वर्षातून तीन-चार वेळा लेंड्या तपासून घ्या. औषध कोणतं द्यायचं ते त्या तपासणीवरून ठरवायचं, अंदाजाने नाही.

लस एकच नेहमीची: आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंचं विष अंगात भिनणं) आणि धनुर्वात यांची, वर्षातून एकदा. बाकीचं तुमच्या भागातल्या डॉक्टरांना विचारा. उंटकुळातली जनावरं बघणारे डॉक्टर कमी असतात. आधी डॉक्टर शोधा, मग अल्पाका आणा. मध्य ओहायोतल्या लोकांचं नशीब चांगलं, कोलंबसला ओहायो स्टेट विद्यापीठाचं पशुरुग्णालय आहे आणि तिथे या जनावरांचा मोठा अनुभव आहे.

9. आजारी आहे हे ओळखायचं कसं? आमचे सगळे सारखेच दिसतात.

अल्पाका दुखणं लपवतो. रानात अशक्त दिसणारं जनावर आधी मारलं जातं, ती सवय अजून अंगात आहे. त्यामुळे तो आजारी दिसायला लागतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. आमच्या मते या कामातला निम्मा भाग रोज पाच-दहा मिनिटं काहीही न करता कुंपणाशी उभं राहण्याचा आहे. कोण कुणाशेजारी बसतो, खाण्याला पहिला कोण येतो, शेणाच्या ढिगाकडे कोण किती वेळ उभा राहतो. हे पाठ झालं की बदल लगेच खुपतो. नेहमी पहिला येणारा आज तिसरा आला, एवढ्यावर आम्ही ताप मोजला आहे आणि तो निघाला आहे.

दुसरं, हात. लोकरीखाली काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. दिसायला गुबगुबीत असलेलं जनावर आतून हाडांचा सापळा असू शकतं. आठवड्यातून एकदा खांद्यामागे पाठीच्या कण्यावर तळवा आडवा ठेवा. कण्याच्या दोन्ही बाजूंना कौलारू छपरासारखा सरळ उतार लागला तर तब्येत ठीक. उतार आत खचलेला लागला तर जनावर वाळतंय, आणि पाठ सपाट लागली तर फार लठ्ठ झालंय. आमच्या मुलाला नवव्या वर्षापासून हे जमतं. वहीत तारीख आणि आकडा तोच लिहितो.

दात खाणं, कळपापासून लांब बसणं, कुशीवर आडवं पडून राहणं, लेंड्यांसाठी जोर लावणं, ही तातडीची लक्षणं.

10. थुंकतात म्हणे? लहान मुलांना धोका आहे का?

थुंकतात, पण बहुतेक वेळा एकमेकांवर, खाण्यावरून. माणूस मध्ये सापडला तर त्याच्याही अंगावर येतं. वास दिवसभर जात नाही, इजा होत नाही. मुलांनी मागून एकदम जाऊ नये आणि गळ्यात पडू नये. मानेजवळ उभं राहून हातावर गवत धरायचं, तो आला तर आला. बहुतेकांना डोक्यावर हात फिरवलेला आवडत नाही.

11. बाटलीने वाढवलेलं नर पिल्लू स्वस्तात मिळतंय, फार लाघवी आहे. घ्यावं का?

घेऊ नका. कळपापासून दूर, माणसांच्या कुशीत वाढलेलं नर पिल्लू माणसालाच आपल्या जातीचं समजतं. वयात आलं की ते माणसाशी नराशी झुंजावं तसं झुंजतं: अंगावर धावून जातं, छातीने पाडतं, चावतं. त्यावर खात्रीचा उपाय नाही. आई वारली म्हणून बाटलीने दूध पाजावंच लागलं, तर पाजून लगेच मागे फिरा, लाड करू नका, आणि पिल्लाला कळपातच ठेवा.

12. आम्हाला पिल्लं हवीच आहेत. काय माहीत असायला हवं?

दोन वर्षं झाली असतील तर ऐका. गाईसारखा माज अल्पाकाला येत नाही. संगामुळेच अंडं सुटतं. मादी बसते, नर वर बसून गळ्यातून घुमणारा आवाज काढत राहतो, वीस-तीस मिनिटं. पुढे आठवडाभराने नर पुन्हा समोर आणायचा. मादी बसली तर गाभण नाही. थुंकून पळाली तर बहुधा आहे. नक्की काय ते सोनोग्राफीने कळतं.

गर्भ अकरा ते साडेअकरा महिने राहतो, साधारण 335 ते 345 दिवस. जन्म बहुतेक वेळा सकाळी ते दुपारी होतो. अँडीजमध्ये रात्री ओलं पिल्लू गोठून मरेल, म्हणून असं मानतात. संध्याकाळनंतर कळा सुरू झाल्या तर काहीतरी अडलंय असं धरून चाला. आधी नाक आणि पुढचे दोन पाय दिसतात. ते दिसत असतील आणि अर्ध्या तासात पुढे काहीच सरकलं नाही, तर फोन.

पिल्लू सहा ते नऊ किलोचं. आई त्याला चाटत नाही, गुणगुणत नाकाने हुंगते. घाबरू नका, तिने पिल्लू नाकारलेलं नाही. अल्पाकाची जीभ गाईसारखी बाहेर येतच नाही. थंडी असेल तर टॉवेलने तुम्ही कोरडं करा. नाळेला आयोडिन लावा. दोन तासांत पिल्लू उभं राहायला हवं, चार तासांत चीक पोटात जायला हवा. चोवीस तासांनंतर चिकाचा उपयोग जवळपास संपतो. रोज त्याच वेळी वजन करा. पहिल्या दिवशी थोडं घटतं, नंतर रोज पाव किलोच्या आसपास वाढायला हवं.

सहा महिन्यांनी दूध तोडा.

13. हिवाळ्यात जन्मलेलं पिल्लू लंगडतंय. हा प्रश्न 8 मधलाच जंत का?

बहुधा नाही. अल्पाका उंच पठारावरच्या प्रखर उन्हातला. ओहायोच्या ढगाळ हिवाळ्यात जाड लोकरीच्या पिल्लाला ड जीवनसत्त्व मिळत नाही आणि हाडं मऊ राहतात: पाय वाकतात, पाठ पोक काढते, चालायचा कंटाळा दिसतो. पिल्लांना हिवाळाभर डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ड जीवनसत्त्व द्या. जास्त दिलं तर मूत्रपिंडं बिघडतात, म्हणून मात्रा स्वतः ठरवू नका. पिल्लं मे-जूनमध्ये होतील अशा बेताने संग लावला तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

14. लोकर किती मिळते आणि तिचं करायचं काय?

एका जनावराची वर्षाला दीड ते तीन किलो. पाठ आणि कुशींवरची सगळ्यात चांगली, ती कातरताना वेगळ्या पिशवीत जायला हवी. मान आणि पायांची दुसऱ्या पिशव्यांत. मग जाळीच्या टेबलावर पसरून काड्या, कचरा, राठ केस हाताने वेचायचे. आमच्याकडे हे काम पडवीत चालतं, आई भारतातून येते तेव्हा सगळ्यात जास्त तीच वेचते. आजोळी तिने गाद्यांचा कापूस पिंजताना पाहिला आहे. तिचा हात लोकरीतून फिरतो तेव्हा जाड केस तिला डोळ्यांआधी बोटांना कळतो.

मेंढीच्या लोकरीसारखा मेणचटपणा यात नसतो, त्यामुळे धुणं सोपं. ‘बेबी अल्पाका’ हा शब्द पिल्लाच्या लोकरीसाठी नाही. तो साधारण 22 मायक्रॉन जाडीच्या बारीक लोकरीचा दर्जा आहे, मग जनावर कितीही वयाचं असो. लहान गिरण्या सूत कातून देतात, पण नंबर लागायला महिने जातात.

15. यात पैसे मिळतात का?

खर्च निघाला तर आनंद माना. 2000 च्या दशकात इथे एकेका मादीला वीस-वीस हजार डॉलर मोजले जात होते. ते पैसे लोकरीतून येत नव्हते, पुढच्या खरेदीदाराकडून येत होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन कृषी अर्थशास्त्रज्ञांनी तेव्हाच हा फुगा असल्याचं आकडे मांडून दाखवलं होतं. 2008 नंतर तो फुटला आणि लोकांनी कळप फुकट दिले. आजही ‘गुंतवणूक’ म्हणून कुणी अल्पाका विकत असेल तर उठून या.

सूत, मोजे, बागेसाठी खत, फार्म बघायला येणारे लोक, यातून थोडं येतं. लेंड्यांचं खत मात्र खरंच उत्तम, ती एका ठरावीक जागी टाकतात त्यामुळे गोळा करणंही सोपं. ओहायोत शेतजमिनीचा कमी मालमत्ता कर मिळतो, पण जागा दहा एकरांहून कमी असेल तर त्यावरून वर्षाला सरासरी 2,500 डॉलरचं ढोबळ शेतीउत्पन्न दाखवावं लागतं. आयकरासाठी धंदा आणि छंद यांत फरक केला जातो, पाचपैकी तीन वर्षं नफा दिसला तर धंदा मानणं सोपं जातं. पहिल्या दिवसापासून हिशेब ठेवा.

एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर: पाळायला अडचण नाही, विकायला आहे. मंजूर नोकरीबाहेर काम करून कमावता येत नाही. जोडीदाराकडे एच-4 चं ईएडी (काम करण्याचा परवाना) असेल तर त्यावर स्वतःचा व्यवसाय करता येतो. पहिला मोजा विकण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

16. दोनपैकी एक मेला. आता?

उरलेल्याला गेलेल्याचं शरीर बघू द्या, हुंगू द्या, काही तास तिथे राहू द्या. लगेच नेलं तर तो दिवसेंदिवस हाका मारत शोधत राहतो. त्याच आठवड्यात सोबत आणा. विकत घ्यायची घाई नको. जवळच्या फार्मवाल्यांना विचारा, म्हातारा खच्ची नर काही महिन्यांसाठी द्यायला अनेक जण तयार असतात. नवीन जनावर आधी कुंपणापलीकडे ठेवून लेंड्या तपासा, मग एकत्र करा.

17. महिनाभर भारतात जायचं तर?

जाता येतं, पण ‘शेजारी पाणी घालतील’ यावर नाही. ज्याला प्रश्न 9 मधलं हाताचं काम येतं असा माणूस हवा. आम्ही दुसऱ्या एका अल्पाकावाल्या कुटुंबाशी अदलाबदल करतो: ते आमचे बघतात, आम्ही त्यांचे. निघण्याआधी इंजेक्शनची तारीख सांभाळा, डॉक्टरांकडे उपचाराच्या खर्चाची लेखी परवानगी द्या. जुलै-ऑगस्टमध्ये किंवा गाभण मादी दिवसांत असताना जाऊ नका.

18. गावाकडे, साताऱ्याला किंवा कोकणात, अल्पाका पाळता येतील का?

हा प्रश्न सुट्टीवर गेलं की दर वेळी निघतो. अल्पाका साडेतीन-चार हजार मीटर उंचीवरच्या कोरड्या थंडीतला. कोकणची आर्द्रता त्याला मारेल, साताऱ्याचा एप्रिल त्याला सोसणार नाही. शिवाय परदेशातून जनावर आणायला 1898 च्या पशुधन आयात कायद्याखाली केंद्र सरकारची परवानगी आणि विलगीकरण लागतं.

गावाकडे जागा आणि मन दोन्ही असेल तर दख्खनी मेंढी बघा. त्या मातीत, त्या दुष्काळात टिकलेली, काळ्या लोकरीची. तिच्या लोकरीची घोंगडी सनगर अजून विणतात, पण लोकरीला भाव नसल्याने पुष्कळ मेंढपाळ ती कातरून तशीच टाकून देतात. पुण्यात पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, प्रशिक्षणाची चौकशी तिथे करा. आणि गावातल्या धनगर कुटुंबाकडे एक दिवस काढा. पाठीवर तळवा ठेवून तब्येत कशी बघायची, ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं दाखवतील.